माझ्यावर कुणी चाल करून येईना

शत्रू नसणं हे लोक भाग्याचं लक्षण समजतात. मी मात्र अकरावीच्या त्या वर्षी रोज सकाळी देवापुढे हात जोडून, अगदी मनापासून, कुणीतरी माझ्यावर हल्ला करावा म्हणून मागणं मागायचे. आमचा देव जपानमधल्या एदोगावा भागातल्या दोन खोल्यांच्या घरात, गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात होता. खाली गाद्या, वर गणपती, आणि कपाटाचं सरकतं दार गणपतीला झोप यावी म्हणून रात्री बंद. इमारतीमागून उंचावरून गाडी जायची, ती गेली की निरांजनाची ज्योत हलायची आणि आई म्हणायची, "चला, बाबांची गाडी गेली." प्रत्येक गाडी तिला बाबांचीच वाटायची. बाबा तेव्हा तोयोसुला एका कंपनीत कामाला होते आणि सकाळी इतक्या गर्दीतून जायचे की त्यांच्या शर्टाची इस्त्री घरापासून स्टेशनपर्यंतच टिकते, असं आईचं म्हणणं होतं.

आई मूळची इंजिनीअर. पुण्याजवळच्या कारखान्यात कच्चा माल कधी मागवायचा, किती मागवायचा, कुठल्या मशीनवर कधी चढवायचा, हे ठरवण्याचं काम ती करायची. बाबांच्या नोकरीपायी ते सोडून इथे आली आणि तिची सगळी हुशारी स्वयंपाकघरात येऊन पडली. ओट्यावर एकच शेगडी होती, पण तीवर तासाभरात वरण, भात, भाजी, कोशिंबीर आणि बाबांच्या डब्याच्या पोळ्या अशा क्रमाने उरकायच्या की बघत राहावं. भाकरी जपानी तांदळाच्या पिठाची होते हे तिने शोधून काढलं, आणि कुठल्या पिठाची होत नाही हेही, कारण एकदा तिची भाकरी तव्याला अशी चिकटली की बाबांनी शेवटी तवाच ताटात घेतला. आमच्याकडचा सर्वांत मोठा आवाज म्हणजे मिक्सर. तो पुण्याहून आणलेला, आणि त्याचा आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या ओकामोतो-आजींच्या कपाटातली भांडी वाजायची.

या मिक्सरमुळेच आईला जपानची एक रीत कळली आणि ती तिच्या इतकी अंगात भिनली की पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं. आम्ही राहायला आल्यावर थोड्याच दिवसांनी वरच्या घरात भिंतीचं काम निघालं. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कंत्राटदार स्वतः, टोपी हातात घेऊन, आमच्या दारात. कागदात गुंडाळलेला एक टॉवेल पुढे करून तो कमरेतून वाकला आणि म्हणाला, उद्यापासून आवाज होईल, आपल्याला त्रास होईल, क्षमा असावी. आई टॉवेल हातात धरून कितीतरी वेळ दारातच उभी होती. "मृणू, हे लोक भोक पाडायच्या आधी माफी मागायला येतात गं! आपल्याकडे भिंत पडली तरी कुणी सांगत नाही." त्या दिवसापासून आईने ती रीत उचलली ती कायमची. इडलीचं वाटायचं असलं की आदल्या संध्याकाळी साबणाची वडी घेऊन ओकामोतो-आजींकडे. दिवाळीची भाजणी, चिवडा, शेंगदाण्याचं कूट, प्रत्येक वेळी ती खाली जाऊन वाकून यायची. वॉर्डाच्या सभागृहात बायकांसाठी जपानीचा फुकट वर्ग असायचा, तिथे ती फक्त असली वाक्यं शिकून यायची. त्यामुळे तिला भाजीवाल्याशी धड बोलता येत नसे, पण माफी अशी मागायची की समोरच्याला वाटावं, बाई कुठल्या तरी राजघराण्यातली आहे.

मी जपानी शाळेत होते. माझ्या ओळखीची बाकीची मराठी मुलं भारतीय शाळेत जायची, पण मी लहानपणीच इथल्या शाळेत रुळले होते, म्हणून बाबांनी तिथेच ठेवलं. भाषा मला उत्तम यायची. शाळेत जायला सायकल, डब्यात थालीपीठ, दप्तराला मांजराचं लोंबतं चित्र, म्हणजे वरून बघणाऱ्याला काही कमी दिसलं नसतं. आणि दुपारनंतर संगणक क्लब. क्लबची खोली प्रयोगशाळेच्या मागे होती, जुन्या मशीनच्या पंख्यांची तिथे सतत घरघर, आणि मोरिता नावाचा माझ्या वर्गातला गोल चेहऱ्याचा मुलगा तिथे बसून कायम गोड पाव खात असायचा. त्याच्या कीबोर्डात इतका चुरा की चिमण्यांना पुरला असता. या क्लबचा जीव म्हणजे 'गिंगा'. गिंगा म्हणजे आकाशगंगा. शाळेच्या कुणा माजी विद्यार्थ्याने लिहिलेला हा खेळ दर वर्षी उन्हाळ्याच्या सुटीनंतर सुरू व्हायचा आणि थंडीपर्यंत चालायचा.

तो कसा खेळायचा हे मी अजूनही झोपेतून उठून सांगू शकते. प्रत्येकाला एक सूर्य, एक ग्रह आणि टेहळणीचं एक जहाज मिळतं. बाकी सगळा नकाशा काळा. टेहळणीचं जहाज जिथे जाईल तिथला काळोख फिटतो, तारे दिसतात, ताऱ्यांमधले रस्ते दिसतात. रस्त्याखेरीज कुठून जाता येत नाही, त्यामुळे जिथे बरेच रस्ते येऊन मिळतात तो तारा, मग तो कितीही ओसाड असो, आधी हातात घ्यायचा. ग्रहावर खनिज निघतं, धान्य निघतं, आणि माणसं कामाला लावली तर विद्या वाढते. नवखा खेळाडू काय करतो, तर भीतीपोटी आल्याआल्या जहाजं बांधत सुटतो. जहाजं उभी असली तरी धान्य खातात, मग ग्रह उपाशी, विद्या बंद, आणि शेजारी चांगली तोफ शोधून काढेपर्यंत आपण कंगाल. आरमार कितीही मोठं असलं तरी आपल्या जवळच्या ग्रहापासून ठरावीक अंतरापर्यंतच त्याला रसद मिळते. त्यापुढे गेलं की ते दिवसेंदिवस रोडावतं. पण खरी गंमत पुढेच आहे. इथे आळीपाळीने खेळत नाहीत. सगळ्यांनी संध्याकाळी आठपर्यंत आपापले हुकूम भरून ठेवायचे, आठच्या ठोक्याला ते सगळे एकदम अमलात येतात. म्हणजे शत्रू कुठे आहे हे बघून उपयोग नाही, तो आठ वाजता कुठे असेल हे ओळखायचं. एकमेकांना निरोप पाठवायची सोय आहे, तह करता येतात, आणि तह मोडला तर खेळ कुणालाही शिक्षा करत नाही.

घरून खेळता यायचं, त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर आमटीच्या पातेल्याशेजारी लॅपटॉप आला. आई पहिले काही दिवस नाक मुरडून होती. मग एकदा पोळी वाढता वाढता तिने माझ्या राजधानीवरची जहाजांची रांग बघितली. "ही काय करतायत?"

"पहारा देतायत."

"कुणापासून?"

"तसं कुणी नाही अजून."

"म्हणजे रोज बसवून जेवायला घालतेस होय यांना!" आईने लाटणं खाली ठेवलं, हात पुसले आणि खुर्ची ओढली. त्या संध्याकाळी तिने माझी अर्धी जहाजं मोडीत काढून खनिज परत मिळवलं, धान्याचा एक ग्रह माल साठतोय म्हणून विद्येकडे वळवला, आणि बाबा घरी आले तेव्हा पोळ्या झालेल्या नव्हत्या. बाबांनी टेबलावरचं ते दृश्य पाहिलं आणि बूट काढत म्हणाले, "देशमुख घराण्याचं साम्राज्य होईल तेव्हा होईल, आज जेवण आहे का?" तरी आठ वाजायच्या आत तेही मान वाकडी करून नकाशा बघत होते. इथे आल्यापासून आईला असं तरतरीत बघितलं नव्हतं, असं ते मला नंतर म्हणाले.

माझं साम्राज्य वाढलं. धान्य भरपूर, विद्या भरपूर. आणि इथेच माझं दुःख सुरू झालं. नकाशाच्या दुसऱ्या टोकाला पोरं एकमेकांच्या उरावर बसली होती. रोज क्लबात आरडाओरडा, कुणी कुणाचा ग्रह जाळला, कुणी कुणाला फसवलं, मोरिता तर एकदा पाव हातात धरून खरोखर रडला. माझ्या सीमेवर मात्र शुकशुकाट. मला वाटलं, ठीक आहे, आपणच कुरापत काढू. टेहळणीचं जहाज मुद्दाम मोरिताच्या हद्दीत घुसवलं. त्याने दोन जहाजं सोबत देऊन ते सीमेपर्यंत आणून सोडलं आणि निरोप पाठवला, "देशुमुकु-सान, वाट चुकलात का?" देशमुखचं जपानी तोंडात देशुमुकु व्हायचं, आणि सान म्हणजे आपलं 'जी'. मग मी त्याचा एक ग्रह सरळ घेऊन टाकला. दुसऱ्या दिवशी तो क्लबात माझ्यासमोर येऊन वाकला आणि म्हणाला, "तो ग्रह तुम्हाला हवा होता हे माझ्या लक्षात आलं नाही, माफ करा." आणि शेजारचा दुसराही देऊन टाकला! मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

आईला काही कळेना. "अगं, किती चांगली आहेत मुलं."

"चांगली आहेत म्हणूनच!" मी ओरडले. "आई, ते मला खेळातच घेत नाहीयेत. मी पाहुणी आहे त्यांची. मी इथे दहा वर्षं राहिले काय आणि शंभर राहिले काय, ते मला असंच दारापर्यंत सोडायला येणार."

हे मी तेव्हा रागात बोलले, पण आजही मला त्यात एक शब्द बदलावासा वाटत नाही. आता मी स्वतः तोयोसुला काम करते, गुडघे कुरकुरतात, आणि माझ्या हाताखाली पुण्या-मुंबईची नवी मुलं येतात. पहिल्या महिन्यात ती खूश असतात, मॅडम, इथे सगळे किती अदबीने वागतात म्हणून सांगतात. सहाव्या महिन्यात त्यांची तोंडं उतरलेली असतात, आणि का उतरलीत ते त्यांना सांगता येत नाही. मला येतं. त्यांच्याशी कुणी भांडलेलं नसतं.

तर माझा जीव टांगलेला होता तो एवढ्याचसाठी. त्या खेळात मला जिंकायचं नव्हतं. त्या खोलीतल्या एकाने तरी मला बरोबरीचं समजून माझ्यावर खरं आरमार घालावं, एवढंच हवं होतं, आणि थंडी सुरू झाली की खेळ संपणार होता. मी ठरवलं, थेट कुरोदा-सेन्पाइंवर जायचं. सेन्पाइ म्हणजे वरच्या वर्गातला. हा बारावीचा काटकुळा, जाड चष्म्याचा मुलगा, परीक्षा डोक्यावर आलेली असूनही क्लब सोडत नव्हता. तीन वर्षांत तो हरलेला नव्हता. बोलायचा अगदी कमी, माझ्याशी तर फक्त हवापाण्याचं. त्याच्या सर्वांत मोठ्या खनिजग्रहाशेजारी धुळीचा एक ढग होता, ज्यात लपलेली जहाजं बाहेरून दिसत नाहीत. मी काही दिवस खपून माझं निम्मं आरमार एकेक जहाज करून त्या ढगात नेऊन ठेवलं. अचानक झडप घातली तर तो ग्रह माझाच. आणि एवढा मोठा घाव बसल्यावर तो काही "वाट चुकलात का" म्हणू शकणार नव्हता.

नेमकी तेव्हाच शाळेची सहल आली. आम्हा अकरावीच्या मुलांना काही दिवस दक्षिणेला नेणार होते आणि फोन जवळ ठेवायला बंदी होती. खेळ कुणासाठी थांबत नसे, मुलं आपल्या भावंडांना हुकूम भरायला सांगून जायची. मोरिताने त्याच्या दादाला सांगितलं. मी आईला बसवलं. पहिले दिवस फक्त धान्य आणि खनिज बघायचं, आणि मी परत येईन त्या दिवशीचा हल्ल्याचा हुकूम दुपारीच भरून ठेवायचा, कारण माझी गाडी उशिरा आली तर आठची वेळ टळेल. "कुणालाही कळता कामा नये," मी पुन्हा पुन्हा बजावलं.

"कुणालाही म्हणजे?"

"म्हणजे बाकीच्या खेळाडूंना गं."

"बरं बरं. जा तू निवांत," आई म्हणाली, आणि माझ्या पिशवीत लाडूचा डबा कोंबला.

सहलीत मी काय बघितलं ते मला आठवत नाही. बसमध्ये मोरिता शेजारी होता, लाडू त्याला भलतेच आवडले, आणि आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत मनात आकडेमोड करत होतो. परतताना गाडी वेळेवर आली. मी स्टेशनवरून जवळजवळ पळतच घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास. आई दार उघडताच म्हणाली, "सगळं व्यवस्थित केलंय. हल्ल्याचा हुकूम भरलाय. आणि काल कुरोदांकडे जाऊन पण आले."

"कुठे जाऊन आलीस?"

"अगं, निरोप पाठवला गं खेळात. एवढं मोठं आरमार त्यांच्या दारात नेतेस, आदल्या दिवशी सांगायला नको?"

मी बूट न काढताच लॅपटॉपकडे धावले. तिथे होता आईचा निरोप. तिने वर्गात शिकलेलं सगळं मानाचं जपानी त्यात ओतलं होतं. मी देशमुखची आई. मुलगी प्रवासात असल्याने मी कळवत आहे. उद्या रात्री आठ वाजता आमची जहाजं धुळीच्या ढगातून निघून आपल्या खनिजाच्या ग्रहावर हल्ला करतील. मोठा आवाज होईल. आपल्याला आणि आपल्या घरच्यांना अतिशय त्रास होईल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. यापुढेही लोभ असावा. सोबत भेट म्हणून आमच्या खाणीतलं थोडं खनिज.

"आई!" मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. "आई, हे युद्ध आहे! युद्ध म्हणजे काय मिक्सर आहे का?"

"मिक्सरपेक्षा जास्तच आवाज नाही का?" आई खरोखर गोंधळली होती. "तू म्हणालीस इतर खेळाडूंना सांगू नको. मी त्यांना कुठे सांगितलं? मी फक्त ज्यांच्यावर जातोय त्यांना सांगितलं. शेजारी आहेत ते, मृणू. उद्या परत तोंड दाखवायचंय."

बाबा नेमके तेवढ्यात आले, त्यांनी निरोप वाचला आणि भिंतीला टेकून हसायला लागले ते थांबेनात. मी इतकी चिडले होते की डोळ्यांतून पाणी येत होतं. मग मला खाली आलेलं उत्तर दिसलं. कुरोदा-सेन्पाइंचं. एकच ओळ होती. "आवर्जून कळवलंत, आभार. आम्हीही सगळी तयारी करून वाट बघतो."

मी ती ओळ पुन्हा वाचली. वाट बघतो. हे 'वाट चुकलात का' नव्हतं. अजून तासभर हातात होता. हुकूम मागे घेऊन जहाजं चुपचाप परत आणता आली असती, निम्मं आरमार वाचलं असतं. बाबा म्हणाले, "मागे घे, शहाणपणा त्यातच आहे. तो तिथे सगळं घेऊन बसला असणार." आईने ताट वाढून समोर ठेवलं. जहाजं परत आणली तर सेन्पाइ समजून घेतील, सगळे समजून घेतील, पुन्हा कुणी काही म्हणणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि त्याचीच मला शिसारी आली. मी खिचडीचा घास घेतला आणि हुकूम तसाच ठेवला.

आठ वाजले. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग दिसायला लागलं. माझी जहाजं ढगातून बाहेर पडली, आणि समोर कुरोदाचं सगळं आरमार, एक जहाज मागे न ठेवता, ओळीने उभं! असली तोफ मी आधी बघितलीच नव्हती. माझी पहिली फळी गेली, दुसरी गेली, आई "अगं बाई, अगं बाई" करत टेबल धरून उभी, बाबा हसायचं विसरून "डावीकडे बघ, डावीकडे" म्हणून ओरडतायत, जसं काही मी तेव्हा काही करू शकत होते. उरलीसुरली जहाजं पळाली. आणि कुरोदा थांबला नाही. त्याचं आरमार त्यांच्या पाठोपाठ माझ्या हद्दीत शिरलं! माझ्या! मी खुर्चीवर उभी राहिले आणि किंचाळले, "तो आला! आई, तो आत आला!" ओकामोतो-आजींनी खालून छताला काहीतरी ठोकलं. त्या आवाजाची माफी मागायला मात्र आदल्या दिवशी कुणी गेलं नव्हतं.

पुढचा आठवडा माझ्या सगळ्या तरुणपणातला सर्वांत सुखाचा आठवडा असेल. रोज एक ग्रह जात होता आणि मी हवेत होते. आईने सगळं घर लढाईवर आणलं. भाजी एकच, पोळ्या दोनदोन दिवसांच्या, आणि ओट्यावर कोपर टेकून ती विचार करायची की कुठला ग्रह सोडून द्यायचा आणि कुठल्यावरचं धान्य आधी हलवायचं. कुरोदाचं आरमार खूप आत आलेलं होतं. एका संध्याकाळी आईने नकाशावर बोट ठेवलं, त्याच्या मागच्या एका ओसाड ताऱ्यावर. "याचा माल इथूनच येतोय ना सगळा? मग पुढे कशाला लढतेस? मागे जा." मी उरलेली चार चपळ जहाजं लांबच्या वाटेने तिथे घातली आणि तो तारा घेतला. त्याची रसद तुटली. आठ वाजता त्याचं आरमार जागच्या जागी रोडावलं, दुसऱ्या दिवशी आणखी रोडावलं. बाबांचा गाडीतून फोन, "पडला का? पडला का?" आणि मग कुरोदाचा निरोप आला. आदराचं एकही रूप नाही, नावामागे सान नाही. "घाणेरडा डाव आहे हा. थांब तू." मी तो आईला मराठीत करून दाखवला, तिने पदर तोंडाला लावला, आणि आम्ही दोघी मायलेकी टाळ्या देऊन हसलो.

मी जिंकत होते, खरंच जिंकत होते, आणि त्या नादात मागची सीमा रिकामी ठेवली. तिकडे मोरिता होता. माफी मागणारा, लाडू खाणारा, ग्रह भेट देणारा मोरिता. ज्या संध्याकाळी मी कुरोदाचं मुख्य जहाज बुडवलं, त्याच संध्याकाळी मोरिताने पाठीमागून येऊन माझी राजधानी घेतली. न सांगता, न कळवता. ज्याची राजधानी पडते त्याचा खेळ संपतो. पडद्यावर माझा सूर्य विझला. आईच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "हा तर आपले लाडू खाऊन गेला गं मेला!"

दुसऱ्या दिवशी क्लबात शिरले तेव्हा एकदम गलका उठला. मोरिता खुर्चीवर चढून नाचत होता, मी त्याला तिथल्या तिथे शिव्या दिल्या, त्याने परत दिल्या, कुणी म्हणालं मी मूर्ख आहे, मागची बाजू कोण मोकळी ठेवतं, कुणी म्हणालं रसद तोडायची कल्पना कुठून सुचली, आणि सगळे एकाच वेळी बोलत होते, माझ्यावर ओरडत होते. कुरोदा कोपऱ्यात चष्मा पुसत बसला होता. मी जाऊन विचारलं, "एवढे दिवस तुम्ही माझ्यावर का आला नाहीत?"

तो म्हणाला, "पाहुण्यावर कसं जाणार?" आणि चष्मा डोळ्यावर चढवून, "पण तुझ्या आईचा निरोप आला. पाहुणे कधी आवाजाची माफी मागायला येत नाहीत. जे राहणार असतात ते येतात." तो जरासा हसला. "आईला सांग, खनिज उपयोगी पडलं. त्याचीच तोफ केली."

मग त्याने कपाटामागे हात घातला, एक केरसुणी काढली आणि माझ्यापुढे धरली. राजधानी गमावेल त्याने आठवडाभर खोली झाडायची, असा क्लबचा नियम होता. तो सगळ्यांना माहीत होता. मला कुणी सांगितलाच नव्हता, कारण मला झाडायला लावावं लागेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मी केरसुणी घेतली आणि दारापासून सुरुवात केली. मोरिताच्या खुर्चीखाली पावाचा चुरा, वायरींमध्ये धूळ, कागदाचे बोळे, सगळं ओढून ओढून काढलं. कुणी मदतीला उठलं नाही, कुणी राहू द्या म्हणालं नाही, सगळे उरलेल्या लढाईत गर्क होते. झाडत झाडत मी कुरोदाच्या टेबलापाशी आले.

"पाय वर घे," मी म्हणाले.

पडद्यावरची नजर न काढता त्याने पाय वर घेतले.